मार्गदर्शक भरपूर, शिकणारे हवेत

आमच्या नर्सरीत दरवर्षी काही रोपं उचललीच जात नाहीत. शेतकरी वहीत नाव लिहून जातो आणि पुन्हा फिरकत नाही. रोप पिशवीतच वाढतं, मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत उतरतात, आणि पुढच्या हंगामात कोणी उचलायला गेलं की पिशवी तेवढी हातात येते, रोप जागचं हलत नाही. मंडळाचे किस्से माझ्याजवळ असेच साचलेत. वेळच्या वेळी कोणाला सांगितले असते तर हसून मोकळी झाले असते. आता त्यांना मुळं फुटली आहेत.

मंडळ म्हणजे पांढुर्णा-सौंसर भागातल्या वनवाल्यांचं. निवृत्त डिप्टी रेंजर, नर्सरीवाले, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या सागाची मोजणी करून देणारे, लाकूड कापणारे दोन आरामशीनवाले, आणि माझ्यासारखे वनशास्त्राची डिग्री घेऊन 'म्हणजे तुम्ही जंगलात राहता का?' ह्या प्रश्नाला जन्मभर उत्तर देणारे. ह्या मंडळानं माझ्यावर एक मुलगी सोपवली होती. तिला आमच्या कामात टिकवायचं, एवढीच माझी जबाबदारी. तिच्याबद्दलच सांगायचंय, पण थेट तिच्यापाशी पोचायची हिंमत होत नाही. म्हणून जरा लांबून येते.

*

मला पद कसं मिळालं ते ऐका.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सौंसरला बैठक असते. यादीत नावं साठाच्या वर, खुर्च्यांवर माणसं सात. तीच सात. त्या दिवशी विषय होता 'सदस्यांचा सहभाग कसा वाढवावा', आणि त्यावर ते सातच जण तावातावानं बोलत होते.

माझी लेक परी तेव्हा दीड वर्षाची होती. तिनं बरोबर चर्चा रंगात आली असताना माझी साडी ओली केली. तिला घेऊन मी बाहेर गेले, कपडे बदलले, तिला पाणी पाजलं, तिला शेळी दाखवली आणि परत आले तर टाळ्या चालू होत्या. मला वाटलं परीसाठी आहेत. मीही हसले.

"अभिनंदन, बेटा," आमचे अध्यक्ष घागरे साहेब म्हणाले. सगळे त्यांना अजूनही डिप्टी साहेबच म्हणतात. "तू सहभाग प्रमुख झाली."

"पण साहेब, मी तर इथं नव्हतीच."

"म्हणून तर कोणाचा विरोध नाही झाला."

सहभाग प्रमुखाची निवड ज्या बैठकीत झाली, त्यात तिचा स्वतःचा सहभाग नव्हता. हे शुभ लक्षण नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

पद मिळालं म्हणून मी उत्साहानं एक योजना काढली. जुन्या माणसाबरोबर नव्या माणसाची जोडी लावायची. जुन्यानं नव्याला वर्षभर शिकवायचं, संग फिरवायचं, चार शेतकऱ्यांची ओळख करून द्यायची. म्हणजे नवे लोक टिकतील आणि जुन्यांना बैठकीला यायला कारण मिळेल.

मी एक कागद फिरवला. दोन रकाने होते. एक 'मार्गदर्शक', एक 'शिकणारा'.

कागद परत आला तेव्हा मार्गदर्शकाच्या रकान्यात जागा पुरली नव्हती. नावं समासात गेली होती. नुकता कॉलेजमधून बाहेर पडलेला एक जणसुद्धा मार्गदर्शक होता. शिकणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव होतं, तेही माझंच. नमुना म्हणून मी ते आधीच लिहून ठेवलेलं.

डिप्टी साहेबांनी कागद लांब धरून वाचला. "बरोबर आहे ना बेटा. इतक्या वर्षांत इथं कोणी शिकायला आलंच नाही, तर सगळे शिकवायला मोकळेच बसले आहेत."

शेवटी मी कॉलेजच्या जुन्या सरांना फोन करून ह्या भागातल्या मुलांची नावं काढली, घरोघर फोन केले, आणि पाच पोरं जमवली. जाहिरातीचा मजकूर मनातल्या मनात तयार होता: मार्गदर्शक भरपूर, शिकणारे हवेत.

*

पहिली जोडी डिप्टी साहेब आणि नितेश. ती जोडी अजून टिकून आहे, आणि तिचा किस्सा आमच्या मंडळाबाहेर कोणाला सांगितला तर आधी अर्धा तास समजावून सांगावं लागतं.

उभ्या झाडाची गोलाई जमिनीपासून ठरावीक उंचीवर मोजतात. एक मीटर सदतीस सेंटीमीटर. दर झाडाशी काठी लावून उंची कोण मोजत बसणार? म्हणून जुने लोक स्वतःच्या अंगावर ती जागा शोधून ठेवतात. डिप्टी साहेबांची जागा म्हणजे शर्टाचं गळ्याचं बटन. झाडाला छाती लावून उभं राहायचं, बटनाच्या रेषेत टेप फिरवायची. नोकरी सगळी त्या बटनावर गेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी नितेशला हे गुपित सांगितलं. "गळ्याचं बटन. बस. टेप तेवढी खिशात ठेवायची, बाकी देवानं अंगावर देऊन ठेवलं आहे."

नितेश सहा फूट एक इंच. अत्यंत आज्ञाधारक.

त्यानं एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचे साग मोजले, स्वतःच्या गळ्याच्या बटनावर. तेच साग तीन वर्षांपूर्वी डिप्टी साहेबांनी मोजले होते. शेतकऱ्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि थेट बैठकीत आला.

"साहेब, माझे झाडं रोड होऊन राहिले का?"

हळूहळू सगळ्यांच्या नजरा नितेशच्या गळ्याकडे गेल्या. झाड वर निमुळतं होत जातं, आणि नितेशचं बटन वीतभर वर. मला वाटलं, आता डिप्टी साहेब त्याला प्रत्येकाची जागा वेगळी असते हे समजावतील. काठी घे, आपली जागा शोध, असं काहीतरी.

डिप्टी साहेबांनी बराच विचार केला. "नितेश," ते म्हणाले, "तू थोडा वाकून मोजत जा."

*

आणि पाचवी जोडी मी आणि निशा.

खरं तर मला कोणाचं मार्गदर्शक व्हायचं नव्हतं. पण पाच पोरांत एकच मुलगी होती, आणि मंडळात फिरतीचं काम केलेली बाई मी एकटी. "लेडीजला लेडीज," असं ठरलं. चर्चा झालीच नाही.

मी डिप्टी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "साहेब, मी काय शिकवू तिला? परी झाल्यापासून मी नर्सरीच्या गेटबाहेर नाही गेली."

"जे येत नाही ते सांगू नको. बाकी सगळं सांग."

"मग सगळं दोन मिनिटांत संपेल, साहेब."

निशा सोमकुवर मोहगावची. वडील दुसऱ्याच्या संत्राबागेत कामाला. गावात वनशास्त्र शिकलेली ती पहिली, त्यामुळे ती नेमकं काय शिकली हे गावाला माहीत नव्हतं. तिनं पहिल्याच फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं.

"मॅडम, बाबांनी एक वर्ष दिलं आहे. वर्षात मोजणीचं काम मिळायला लागलं तर ठीक. नाही तर नागपूरला जी लागेल ती नोकरी."

"एक वर्ष खूप आहे," मी म्हटलं.

"हाव मॅडम. मला फक्त दोन-चार वेळा संग घेऊन फिरा. पुस्तकातलं येते मला. शेतात उभं राहून शेतकऱ्याशी कसं बोलावं, ते नाही येत."

दोन-चार वेळा. एवढंच मागितलं होतं तिनं.

*

फिरायला जमेपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून मी व्हिडिओ कॉलवर शिकवायला सुरुवात केली.

निशा तिच्या अंगणातल्या शेवग्यापाशी, मी आमच्या पोर्चच्या खांबापाशी. एका हातात फोन, कडेवर परी, दातांत टेपचं टोक. गोलाई घेताना टेप खोडाला काटकोनात हवी, सैल नको, ताणलेली नको, असं मी दातांतून सांगत होते.

सासूबाई दारात आल्या. "काय करून राहिली वं खांबाले?"

"शिकवून राहिली, आई."

"खांबाले?"

फोनमधून निशाचं हसू ऐकू आलं. मीही हसले, परीनं टाळ्या वाजवल्या. मग निशा अगदी आदरानं म्हणाली, "मॅडम, एक बोलू का? मागच्या बाजूनं टेप तिरपी आहे तुमची."

मी मागे जाऊन पाहिलं. चांगली चार बोटं खाली घसरली होती.

*

पहिल्या फिरतीचा दिवस ठरला. निशानं मोहगावहून यायचं, मी पांढुर्ण्याहून, आणि भेटायचं जामसांवली फाट्यावर. तिथून पुढे माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे.

सकाळी परीला नव्याण्णव पॉइंट दोन. आता हा ताप आहे की नाही, ह्यावर घरात दोन पक्ष पडतात. नवरा म्हणतो नाही. मी तीन थर्मामीटर बाळगते. दोघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याला विचारते. त्या दिवशी तिघांची तीन मतं होती.

मी फोन केला तेव्हा मागून ट्रकचे हॉर्न येत होते. ती पोचली होती.

"सॉरी निशा, परीला थोडं अंगात..."

"काही नाही मॅडम. बाळाला पहा तुम्ही."

"परतीची बस कधी आहे?"

"आहे ना तासाभरानं."

"तोवर काय करशील?"

"पाहतो काहीतरी."

काय पाहशील, हे मी विचारलं नाही.

मग दर महिन्याला एक दिवस ठरायचा, आणि दर महिन्याला काहीतरी निघायचं. दात. डोस. सासूबाईंचा मोतीबिंदू. पांढुर्ण्यात पाऊस. प्रत्येक कारण खरं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. खोटी असती तर कधीतरी लाज वाटून थांबले असते.

एकदा तर मी बूट घातले, पाण्याची बाटली घेतली, बसमध्ये जाऊन बसले. कंडक्टरनं तिकीट फाडलं. आणि बस सुटता सुटता मला वाटलं की परी रडतेय. पांढुर्ण्याच्या स्टँडवर, इतक्या गोंगाटात, मला घरी रडणारी परी ऐकू आली. मी उतरले. जवळजवळ धावत घरी गेले.

परी आजीच्या मांडीवर बसून पापड खात होती. मला पाहून रडायला लागली.

*

वर्ष सरत आलं तेव्हा मंडळानं ठरवलं की सगळ्यात चांगल्या जोडीचा सत्कार करायचा. निवडीचा फॉर्म सहभाग प्रमुखानं बनवायचा, म्हणजे मी.

फॉर्ममध्ये मी एक रकाना काढला: 'वर्षभरात किती वेळा संपर्क झाला?' 'किती वेळा भेटलात?' असा रकाना काढता आला असता. तो सुचला नाही असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तो सुचला होता.

डिप्टी साहेबांना फोनवर बोलता येत नाही, ते ओरडतात. त्यामुळे नितेश त्यांच्या घरीच जायचा, आणि ते संपर्कात कोणी मोजलं नाही. इतर तीन जोड्या दिवाळीच्या शुभेच्छांवर थांबल्या होत्या. माझे आणि निशाचे फोन सगळ्यांत जास्त भरले. शाल, नारळ आणि टाळ्या आमच्या वाट्याला आल्या.

निशाला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शाल पांघरून खुर्चीत बसले होते आणि जमीन दुभंगायची वाट पाहत होते. ती माईकपाशी गेली. बराच वेळ काही सुचेना तिला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं. मग एकदम चेहरा खुलला.

"मॅडम फोन नेहमी उचलतात," ती म्हणाली आणि खाली आली.

टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेतला एक आरामशीनवाला उठून उभा राहिला. आमच्या मंडळात फोन उचलणारं माणूस कोणी पाहिलं नव्हतं.

*

त्यानंतर पंधरा दिवसांत निशाला तिचं पहिलं काम चालून आलं. माझ्यामुळे नाही. मोहगावजवळ कोरडे आडनावाचे एक काका आहेत, त्यांच्या धुऱ्यावर साग होता, घर बांधायला काढायचा होता. तोडीच्या परवानगीच्या अर्जाला झाडांची यादी लागते. गावातलीच पोरगी आहे म्हणून त्यांनी तिला बोलावलं. अट एकच.

"काका म्हणाले, तूच मोज बाई, पण पहिल्यांदा संग कोणी मोठं माणूस आण," निशा फोनवर सांगत होती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मॅडम, तुम्ही काही करू नका. नुसतं उभं राहा बाजूला. गुरुवारी."

"येते. नक्की येते."

बुधवारी संध्याकाळी नवऱ्यानं आठवण करून दिली की गुरुवारी परीच्या प्ले-स्कूलचा इंटरव्ह्यू आहे. नागपूरहून मागवलेलं पुस्तक मी महिनाभर परीकडून घोकून घेत होते: रंग, फळं, प्राणी. मी निशाला फोन केला. मंगळवारी ठेवू या का, म्हटलं. "विचारतो मॅडम," ती म्हणाली.

इंटरव्ह्यूत परीनं लाल रंगाला लाल म्हटलं, संत्र्याला संत्रं म्हटलं. मग टीचरनं गोड आवाजात विचारलं, "मम्मा काय काम करते?"

"फोनवर सॉरी करते," परी म्हणाली.

टीचर हसली, नवरा हसला. ॲडमिशन झाली.

कोरडे काका मंगळवारपर्यंत थांबले नाहीत. त्यांनी मंडळात दुसरीकडे फोन लावला, आणि त्याच गुरुवारी त्यांचा साग नितेशनं मोजला, थोडा वाकून. तो बिचारा मला नंतर म्हणाला, "ताई, मला माहीत नव्हतं ते निशाचं काम होतं म्हणून." त्याला कसं माहीत असणार? कोण कोणाचं काम करतंय हे सदस्यांना कळवत राहणं हे सहभाग प्रमुखाचं काम.

निशाचा फोन शनिवारी आला. "मॅडम, बाबा म्हणून राहिले, आता पाहू नागपूरचं."

"अजून वर्षाला दोन महिने आहेत ना?"

"आहेत ना, मॅडम. पण काम तेच एक होतं."

*

नागपूरला एका चष्म्याच्या शोरूममध्ये तिला काउंटरवर नोकरी लागली. जायच्या आधी ती पहिल्यांदा माझ्या घरी आली. वर्षभर फोनवर दिसलेलं घर आणि तो खांब एकदाचा बघून घेतला. सासूबाईंनी चहा दिला. परी माझ्या मांडीवर झोपली होती.

तिनं पिशवीतून एक लांबट वही काढली. "मॅडम, हे तुमच्याजवळ ठेवा. तिकडं माझ्या काही कामाचं नाही."

आखलेले रकाने होते. तारीख, झाड क्रमांक, गोलाई, शेरा. झाडं नऊ, सगळे करंज. फाट्यावरच्या रस्त्याच्या कडेचे.

"तासभर बसची वाट पाहायची असे ना," ती म्हणाली. "म्हणून दर वेळी तेच नऊ मोजत गेली. काठीनं उंची पक्की केली. बटनबिटन नाही. अन् लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला, म्हणजे दर वेळी तीच जागा."

मी तारखा पाहत गेले. एकही तारीख मला नवी नव्हती. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षर. 'मॅडम नाही. बाळाला ताप.' 'मॅडम नाही. दात.' 'मॅडम बसमध्ये बसल्या होत्या.' एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पांढुर्ण्यात पाऊस. फाट्यावर ऊन.' रागानं लिहिल्यासारखं कुठंच वाटत नव्हतं. मोजणीच्या दिवशीची परिस्थिती शेऱ्यात लिहायची असते, ती तिनं लिहिली होती.

"हा चार नंबर पहा," तिनं बोट ठेवलं. "जानेवारीत एकशे बारा पॉइंट चार. मेमध्ये तेवढाच. मला वाटलं माझंच काही चुकून राहिलं. चार महिने काहीच नाही. मग पावसाळा लागला अन् घेतली वाढ त्यानं. नोव्हेंबरात एकशे चौदाच्या वर. चुकत नव्हती मी, मॅडम."

"नाही चुकत होती तू," मी म्हटलं.

आमच्या मंडळात साठ सभासद आहेत. एकाच झाडावर, एकाच जागी, महिन्यामागून महिना केलेली मोजणी त्यांच्यातल्या एकाकडे नाही. माझ्या एमएस्सीच्या प्रबंधातही नव्हती. हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात परी कूस बदलून कुरकुरली आणि मी तिला थोपटायला लागले. निशा थांबली. तिला सवय होती.

निघताना म्हणाली, "दर महिन्याला नाही जमलं तरी चालेल. पण पाऊस लागायच्या आधी एकदा मोजणी घेतली कोणी तर वर्ष पूर्ण होते नऊही झाडांचं."

"मी घेईन. नक्की."

"बाळाला बरं असलं तर," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच तसंच वाटत होतं.

*

आणि हा शेवटचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, मी गेले. परीला थोडी सर्दी होती. तिला सासूबाईंजवळ ठेवलं, थर्मामीटरला हात लावला नाही, आणि बस सुटेपर्यंत कानात इअरफोन घालून बसले.

मंगळवार म्हणजे मारुतीचा वार, फाट्यावर जामसांवलीच्या देवळाकडे जाणाऱ्यांची गर्दी होती. करंज शोधावे लागले नाहीत. लाल पट्टे लांबूनच दिसले. जवळ गेले तर चार नंबरच्या झाडाला पट्ट्यावर धागे गुंडाळलेले. पाच नंबरलाही. सहा नंबरच्या बुडाशी फोडलेला नारळ. एका झाडाच्या पट्ट्यावर कोणीतरी शेंदूर लावला होता, ऑइल पेंटच्या वरून.

मी वही उघडून, टेप हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाजूच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "करा ना, बाई. लाजता कायले? नऊ झाडं आहेत. एकेकाले एक फेरा."

"कशाचे फेरे, मावशी?"

"नोकरीचे. तुमाले नाही माहीत? मोहगावची एक पोरगी होती. दर महिन्याले ये. इथं उभी राहे, तिले एक फोन ये, मंग एकेका झाडाले फेरा मारे. हातात अशीच पट्टी. कोणाशी बोले नाही, चहा नाही घे. पुरं वर्ष केलं बिचारीनं. लागली ना मंग नोकरी नागपूरले." त्यांनी ग्लास पुढे सरकवला. "तवापासून पोरीसोरी येऊन राहिल्या."

मी एक नंबरपासून सुरुवात केली. झाडाभोवती टेप घेऊन फिरले, धागे हलू न देता ती पट्ट्याच्या रेषेत आणली, मागे जाऊन तिरपी नाही ना पाहिलं, आकडा वाचला, वहीत लिहिला. दोन नंबर. तीन नंबर. चार नंबरपाशी एक मुलगी उभी होती. हातात प्लास्टिकची फाइल, त्यात सर्टिफिकेटं असावीत. मी फेरा पूर्ण करेपर्यंत ती आदरानं बाजूला सरकली.

"ताई, तुम्ही कधीपासून येऊन राहिल्या?" तिनं हळूच विचारलं.

"आज पहिल्यांदाच," मी म्हटलं.

"होईल जी तुमचंही काम," ती म्हणाली. "फक्त खाडा नाही पाडायचा."